हो ना… लय दिवसांपासून

चंद्रपूरच्या भर बाजारात, सेहेचाळीस अंशांच्या उन्हात, मला माझा नवरा भेटला. म्हणजे… भेटला नाही. दिसला.

मी आणि माझी सासू, सुगंधाबाई, ऑटोत बसलो होतो. आदल्या संध्याकाळी त्यांचा चष्मा पाटावर राहिला आणि त्या त्यावरच बसल्या, म्हणून सकाळच्या गाडीनं आम्ही वडशाहून चंद्रपूर गाठलं होतं. चष्मा दुकानात टाकून परत निघालो, तर पुढे पाण्याचा टँकर आडवा लागला. ऑटो थांबला तो नेमका एका रसवंतीसमोर. हिरव्या जाळीखाली, उसाच्या रसाचे दोन ग्लास समोर ठेवून, लटारू बसला होता.

लटारू म्हणजे माझा नवरा. आदल्या दिवशी दुपारी मोटरसायकल काढताना तो मला म्हणाला होता, "गडचांदूरले जाऊन राह्यलो, अजयकडं. उद्या सांजच्याले येतो." गडचांदूर, सिमेंट कारखान्यांचं गाव, जिथे त्याचा मित्र अजय राहतो, तिथून पुढे चांगलं तास-दीड तासावर. आणि हा इथे!

त्याच्यासमोर एक बाई होती. पिवळी ओढणी, कुरळे केस, माझ्याच वयाची असावी. ती पुढे वाकली… तोंड त्याच्या कानाशी नेलं… काहीतरी बोलली. लटारू हसला. असा हसला, की त्याच्या गालाची ती खळी मला रस्त्याच्या या कडेवरून दिसली. मग तिनं हात पुढे केला आणि त्याच्या कानावरचे केस एका बोटानं बाजूला सारले.

मी ऑटोतून अर्धी बाहेर वाकले.

"काय पाहून राह्यली वो?" सासूबाईंनी विचारलं.

"काई नाई, आई. टँकर पाहते."

त्यांना चष्म्याशिवाय टँकरही दिसत नव्हता. देवानं एवढी तरी लाज राखली.

* * *

दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मी म्हटलं असतं, पुरुषांचं असंच असतं. पण लटारू तसा नव्हताच. निदान मला तसं वाटत होतं.

आमचं लग्न जहाजावर जमलं. मी वडशाची, हॉटेलचा कोर्स नागपुरात केला आणि थेट एका मोठ्या प्रवासी जहाजावर खोल्या आवरायच्या कामाला लागले. तीन हजार प्रवासी, हजारभर नोकर, बाहेर भूमध्य समुद्र. एकदा नोकरांच्या अरुंद वाटेत माझी चादरींची ट्रॉली दाराच्या चौकटीत अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मागे रांग लागलेली. वैतागून माझ्या तोंडून निघालं, "आता काय करू बाई, फसलं ना हे!"

रांगेतून आवाज आला, "काऊन वो… वडशाकडची का?"

वळून पाहिलं तर तेलानं माखलेला नारिंगी पोशाख, गळ्यात आवाज रोखणारे कानाचे मफ लटकलेले, आणि डोळ्यांत असं काही, जणू त्याला मेळ्यात हरवलेलं माणूस सापडलं होतं. इंजिनरूममधला मोटरमन, म्हणजे जहाजाची इंजिनं सांभाळणारा. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, 'लॅरी'.

"लॅरी वडशाकडचा कसा?" मी विचारलं.

"आजोबाचं नाव ठेवलं माह्यं. लटारू. या लोकायले म्हणता येत नाई… तुले येते?"

"लटारू," मी म्हटलं.

"अजून एकदा म्हण ना."

सहा महिन्यांनी बार्सिलोनाच्या बंदरावर त्यानं मला विचारलं, आणि पुढच्या सुट्टीत वडशाला आमचं लग्न झालं. तेव्हापासून दहा महिने पाणी आणि दोन महिने घर. जहाजावर आम्हाला दोघांची मिळून एक खोली होती… खिडकी नसलेली, दोन माणसं एकाच वेळी उभी राहू शकणार नाहीत एवढी. तिथे मी त्याला 'तू' म्हणायचे. वडशाजवळच्या त्याच्या गावी आल्यावर सासूबाईंसमोर 'तुमी'. दर उन्हाळ्यात तो या 'तुमी'वर मला चिडवायचा. या उन्हाळ्यात त्यानं एकदाही चिडवलं नाही.

आणि हेच… हेच मला रसवंतीपासून घरापर्यंत आठवत राहिलं. या उन्हाळ्यात काय काय बदललं होतं ते.

एप्रिलच्या शेवटी आम्ही उतरलो. तो एकटाच मुंबईत चार दिवस थांबला. त्याची मेडिकल तपासणी करायची होती; माझी मागच्या वर्षीच झालेली. घरी आला तेव्हापासून तो वेगळा. माझ्याशी बोलायचा, पण गप्पा मारायचा नाही. मी चुलीशी बसून मागून काही सांगितलं तर उत्तर नाही. पूर्वी मी कुजबुजले तरी इंजिनाच्या गोंगाटातून त्याला कळायचं! आता मोटरसायकलवर मी मागून कितीही बडबड करावी, हा गप्प, नाहीतर 'हं, हं'. जेवताना माझ्या उजवीकडे बसणारा माणूस ताट उचलून डावीकडे जाऊन बसायला लागला. मी विचारलं, काऊन? तर म्हणे, "तिकडून वारा येते." मे महिन्यात! वारा!

रोज सकाळी उठला की वैनगंगेवर. कोलूभाऊ नावाचा शेजारी आहे आमचा, घाटावर डोंगा, म्हणजे लहान होडी, चालवतो. त्याच्या डोंग्याला मोटर बसवतो म्हणाला. खरं असेलही. पण फोन आला की उठून अंगणाच्या पार टोकाला, मोहाच्या झाडाखाली जाऊन बोलायचा. उजव्या कानाशी फोन, दुसऱ्या हातानं तोंडावर आडोसा.

त्या संध्याकाळी तो परत आला. हातात माझ्यासाठी गजरा. चंद्रपूरचाच असणार, उन्हानं काळवंडलेला.

"कसा होता गडचांदूर?" मी विचारलं, अगदी समोर उभी राहून.

"काय सांगू… सिमेंटची धूळच धूळ."

"आन अजयभाऊ?"

"बरा आहे. तुले विचारत होता."

त्याच्या शर्टावर धुळीचा कणही नव्हता. मी गजरा घेतला, पाण्यात ठेवला, आणि केसांत माळला नाही. त्यानं ते पाहिलं. रात्रभर त्याच्या बाजेची दोरी कुरकुरत होती.

* * *

चार दिवसांनी कंपनीकडून मेल आला. मला बढती मिळाली होती… सुपरवायझर! बारा जूनला मुंबईहून निघायचं. मी आनंदानं किंचाळणार, तेवढ्यात शेवटची ओळ वाचली. खोली, रीना म्हणून गोव्याची कोणी मुलगी आहे, तिच्यासोबत.

लटारूसोबत नाही. रीनासोबत.

मी फोन हातात घेऊन घाटावर गेले. लटारू गुडघाभर पाण्यात उभा राहून डोंग्याच्या मागच्या बाजूला पाना फिरवत होता. उन्हाळ्यातली वैनगंगा म्हणजे वाळूच जास्त. मधोमध पाण्याची एक पट्टी, आणि वाळूत टरबुजांचे वेल.

"मेल आला," मी म्हटलं. "मी सुपरवायझर झाली."

तो पाण्यातून बाहेर आला, आणि क्षणभर तो अगदी जुना लटारू होता. ओल्या हातांनी त्याने माझे दोन्ही खांदे धरले. "मले माहीत होतं! माहीत होतं मले!"

"तुमाले कसं काय माहीत?"

त्याचे हात सैल पडले. "म्हणजे… व्हाचंच होतं ना."

"खोली वेगळी दिली आपल्याले."

"चूक झाली असंन ऑफिसची." तो वाकून पाना शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता. "मी बोलतो त्यायच्यासंग."

"तुमचा मेल आला का?"

"येईन ना."

कोलूभाऊ डोंग्यातून आमच्याकडे पाहत होते. म्हातारं माणूस, सगळं कळतं, बोलत काही नाही. त्यांनी मला टरबुजाची फोड कापून दिली आणि दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं, यांनाही माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत असेल. नसेल माहीत ते फक्त मला.

रविवारी आम्ही ब्रह्मपुरीला एका लग्नाला गेलो होतो. परतताना संध्याकाळ झाली. वैनगंगेच्या पुलावर गरम वारा असा सुटला होता, की माझा दुपट्टा फडफडून त्याच्या पाठीवर आपटत होता. खाली पाणी तांबडं झालेलं. मी त्याच्या कमरेला धरून बसले होते. किती दिवसांनी! आणि मला वाटलं, आता विचारायचं. तोंड पाहून मला विचारता आलं नसतं. पाठ पाहून येईल.

"ऐकता का?" मी म्हटलं. "दुसरी कोणी हाये का तुमच्या मनात?"

तो मान थोडी वळवून, अगदी मोकळेपणानं, जणू बरंच झालं एकदाचं विचारलंस, अशा सुरात म्हणाला,

"हो ना… लय दिवसांपासून."

माझे हात त्याच्या कमरेवरून आपोआप सुटले. मी मागची लोखंडी पट्टी धरली. ती तापलेली होती. घर येईपर्यंत ती मी सोडली नाही.

* * *

रडायचं नाही असं ठरवलं. आधी तिला पाहायचं, मग याला विचारायचं, मग रडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारू आंघोळीला गेला आणि बाजेवर त्याचा फोन वाजला. 'दुर्गा'. नुसतं दुर्गा. मी उचलला. मी हॅलो म्हणायच्या आधीच पलीकडून गोड आवाज आला,

"लटारूजी, उद्या अकराला नक्की ना? आणि ते घालून या हं. लाजू नका."

मी फोन ठेवून दिला. काय घालून? लाजू कशाला नका? माझ्या डोक्यात जे जे कपडे आले ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

"कोणाचा फोन होता?" तो टॉवेलनं डोकं पुसत आला.

"कोणाचा नाई. कंपनीचा असंन." मी म्हटलं. "उद्या मले माहेरी सोडता का? आईची याद येऊन राह्यली."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. सरळसरळ सुटका! "सोडतो ना. मले बी तिकडंच काम आहे."

मंगळवारी सकाळी त्यानं मला वडशाला माझ्या आईच्या दारात उतरवलं. "सांजच्याले नेतो तुले," म्हणाला, आणि स्टेशनच्या दिशेनं वळला. मी पुढच्या दारानं आत गेले, आईला म्हटलं, "आलेच," आणि मागच्या दारानं बाहेर पडले. उन्हाळ्यात आमच्याकडच्या बाया डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा बांधतात, नुसते डोळे उघडे. नवऱ्याचा पाठलाग करायला याच्यासारखी सोय नाही. तो पुढच्या डब्यात चढला, मी शेवटच्या. चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनला उतरून त्यानं ऑटो केला, मीही केला.

"त्या ऑटोच्या मागं घ्या, भाऊ."

ऑटोवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नवरा आहे का?"

"सध्या तरी."

तीच रसवंती. तिच्या बाजूला एक जिना. लटारू जिना चढला. जिन्याच्या तोंडाशी पाच-सहा पाट्या होत्या. मी एकही वाचली नाही. मी फक्त त्याच्या चपलांचा आवाज मोजत होते. पहिला मजला… दुसरा. मग दार.

दहा मिनिटं मी खाली उभी राहिले. दोन ग्लास रस प्यायले. काय काय बोलायचं ते तीनदा मनात म्हटलं. मग वर गेले, दार ढकललं.

आत बाक होता आणि बाकावर एक म्हातारे आजोबा झोपेला आले होते. त्यांच्या पलीकडे काचेची छोटी खोली. तिच्यात माझा नवरा बसला होता.

एकटाच. कानांवर मोठे काळे हेडफोन, मुठीत एक बटण. डोळे मिटलेले. काचेच्या बाहेर, एका मशीनपुढे, ती कुरळ्या केसांची बाई बसली होती. ती एक चकती फिरवायची, थांबायची, कागदावर खूण करायची. पुन्हा फिरवायची. लटारूचा अंगठा बटणावर तयार होता, कपाळावर आठ्या होत्या, श्वास रोखलेला. पेपरात उत्तर न येणाऱ्या पोरासारखा तो वाट पाहत होता. तिनं चकती आणखी फिरवली. आणखी. अंगठा हलला नाही.

तीनदा पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरले.

त्या बाईनं मला पाहिलं. "नंबर लावलाय का?"

मी दुपट्टा सोडला. "मी… उर्वशी."

ती उठून उभीच राहिली. "आलात! अहो, महिना झाला मी यांना सांगते, बायकोला घेऊन या, बायकोला घेऊन या. बसा ना." मग माझा चेहरा पाहून ती हळू झाली. "तुम्हाला सांगितलं नाही यांनी?"

मी नकारार्थी मान हलवली.

दुर्गा मॅडमनी सांगितलं. इंजिनाच्या आवाजानं डावा कान जवळजवळ गेला होता. उजवा अर्धा. कानात मशीन लावलं तर माणसांचं बोलणं नीट कळेल, त्यांनी आठ दिवस घालून पाहायला दिलंही होतं, पण हा ते दाढीच्या डब्यात लपवून ठेवायचा. दोन दिवस चाललेल्या तपासणीत, बाजारातल्या गलक्यात कसं ऐकू येतं ते पाहायला, मॅडमच त्याला खाली रसवंतीवर घेऊन गेल्या होत्या. आणि इंजिनरूममध्ये परत गेला तर उरलेला कानही जाईल. मुंबईच्या डॉक्टरनं म्हणूनच त्याला नापास केलं होतं.

काचेचं दार उघडलं. लटारू बाहेर आला, मला पाहिलं, आणि जागीच थिजला.

"कधी आली?" एवढंच बोलला.

* * *

परतीच्या गाडीत तो उजवा कान माझ्याकडे करून बसला होता… आता मला कळत होतं, का. वडशाला मोटरसायकलवर बसताना मी म्हटलं, गाडी घाटावर घ्या. ऊन उतरलं होतं. वाळू अजून तापलेलीच. कोलूभाऊ पलीकडच्या काठाला माणसं सोडायला गेले होते.

"बाई असती तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "तिच्यासंग भांडता तरी आलं असतं."

"बाई? कोणती बाई?"

"दुर्गा!"

त्याचं तोंड उघडं पडलं. मग तो हसायला लागला, आणि माझा चेहरा पाहून घाईघाईनं थांबला.

"हसू नको! इतके दिवस जळून राह्यली मी! काऊन नाई सांगतलं? मी काय परकी होती?" गावात असूनही माझ्या तोंडून 'तू' निघत होतं, आणि मला त्याचं भान नव्हतं.

"सांगतलं असतं तर तू गेली नसती," तो म्हणाला. "कंपनीतल्या बाईनं मले मुंबईतच सांगतलं होतं, तुहं नाव सुपरवायझरसाठी चाललं आहे. मीच म्हटलं त्यायले, तिची खोली दुसऱ्या कोणासंग लावा, माह्याबद्दल तिले सांगू नका. म्हटलं, तुले विमानात बसवून देतो, मंग फोन करून सांगतो."

"विमानात बसवून?"

"उतरता येत नाई ना त्याच्यातून."

मी मूठभर वाळू त्याच्या अंगावर फेकली. तो हलला नाही.

"आन पुलावर?" मी विचारलं. आता विचारायची भीती उरली नव्हती. "पुलावर मी विचारलं, दुसरी कोणी हाये का तुमच्या मनात. तू म्हणाला, हो ना, लय दिवसांपासून."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तू… असं विचारलं होतं?"

"मंग काय विचारलं होतं?"

"वाऱ्यात मले नुसतं 'हाये का तुमच्या मनात' एवढंच आलं. मले वाटलं, तू म्हणते, इथीच थांबाचं हाये का तुमच्या मनात." तो वाळूत खाली बसला. "म्हणून म्हटलं, हो ना."

मी त्याच्या बाजूला बसले. उजवीकडे. पाण्यावर दोन बगळे पाय रोवून उभे होते.

"खरंच थांबाचं आहे?"

"अकरा वर्षं झाली मले जहाजाच्या तळघरात," तो म्हणाला. "दिवस कोणता, रात कोणती, घड्याळ पाहून समजून घ्याचं. तरी मले आवडे ते. नुसत्या आवाजावरून सांगे मी, कोणत्या इंजिनाले काय झालं. साहेब लोकं मले बलावत. लॅरीचा कान, म्हणत. मागच्या डिसेंबरात एक पंप बिघडला आन मले ऐकू नाई आलं. दुसऱ्या पोट्ट्यानं सांगतलं. त्याच दिवशी समजलं मले. तुले कोणत्या तोंडानं सांगू? तुह्या आवाजानं तर मी तुह्याकडं आलो होतो, उर्वशी. वाटे, एक दिवस तोई जाईन… आन तू माह्याकडं पाहून नुसती तोंड हलवत राहशीन."

मी त्याचा हात घेतला, ग्रीसनं कायमचा काळा पडलेला, आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"कोलूभाऊची मोटर चालू झाली," तो म्हणाला. "मच्छीमार सोसायटीचे आणखी आठ डोंगे आहेत. त्यायले बी बसवाच्या आहेत. ते काम होते माह्यानं. कान नसला तरी हात लावला की समजते, इंजिन काय म्हणते ते. पण तू जाय. तुले जाचं आहे ना?"

मला खोटं बोलायचं होतं. नाही म्हणायचं होतं. पण त्या महिन्यात आमच्या घरात खोटं फार झालं होतं.

"जाचं आहे," मी म्हटलं. "पाच वर्षं चादरी ओढल्या मी. मले सुपरवायझर व्हाचं आहे. पण असं नाई. तू ठरवलं आन मी गेली, असं नाई. मी ठरवून जाईन."

"मंग ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीला फोन लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथल्या माणसाशी आवाज चढवून बोलले. बारा जूनला जमणार नाही म्हटलं. तो म्हणाला, जागा जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. वीस जुलैला दुसरं जहाज आहे, सुपरवायझरचीच जागा, सहा महिन्यांचा करार… चालेल का? मी लटारूकडे पाहिलं. तो उजवा कान पुढे करून, फोनमधलं ऐकायचा प्रयत्न करत, जोरजोरात होकारार्थी मान हलवत होता. मी चालेल म्हटलं.

सासूबाईंना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्या नवा चष्मा लावून लेकाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले वाटलं, बायकोचं ऐकते म्हणून माह्यं ऐकत नाई." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मशीन दाढीच्या डब्यातून बाहेर आलं. शेंगदाण्याएवढं, बदामी रंगाचं. पहिले दोन दिवस लटारू ते घालून अंगणाबाहेर पाऊल टाकेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याचा हात धरून घाटावर नेला. म्हटलं, परीक्षा घेते. तू इथी उभा राह्य, मी लांब जात जाते आन बोलते. ऐकू आलं ते म्हणून दाखव.

दहा पावलं गेले. "आज वांग्याची भाजी आहे."

"आज वांग्याची भाजी आहे! काल बी होती!"

वीस पावलं. "दुर्गा मॅडम माह्यापेक्षा सुंदर आहे."

"हे मी म्हणून दाखवत नाई!"

चाळीस पावलं. वाळू पायांना चटके द्यायला लागली होती. टरबुजाच्या वेलांपाशी मी थांबले, वळले. तो लांब, लहान दिसत होता, हात कानामागे धरून. मागे डोंग्यात कोलूभाऊ बसले होते, मोटर बंद करून, आमच्याकडे पाठ करून.

मी नेहमीच्या आवाजात बोलले. चार वाक्यं बोलले. जहाजावर, बंदरावर, लग्नात, कधीच नीट न सांगितलेली.

"काय?" तो ओरडला. "काई नाई आलं!"

मी ओरडून सांगू शकले असते. पण कोलूभाऊंचे कान शाबूत होते. मी चाळीस पावलं परत चालत आले, त्याच्या अगदी समोर उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "मले तू पायजे. कान असला तरी, नसला तरी. सहा महिन्यांनी मी येईन, मंग पुढचं दोघं मिळून पाहू. पण तुह्यापासून काई लपवून मी राहणार नाई, आन तूई राहाचं नाई."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"अजून एकदा म्हण," तो म्हणाला.

"ऐकू नाई आलं?"

"आलं ना. म्हणूनच."